प्रॉक्सी चालू, पण डेटा वाचेना : घरगुती बॉइंकसाठी स्क्विडचे समस्या निवारण

लक्षणे

घरात बॉइंक (संगणकाचा रिकामा वेळ वैज्ञानिक प्रकल्पांच्या आकडेमोडीला देणारा प्रोग्राम) चालवणारे दोन किंवा अधिक संगणक आहेत, त्यांपैकी एकावर किंवा एखाद्या जुन्या लॅपटॉपवर स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटवरून आलेल्या फाइलींची प्रत (कॅश) ठेवून ती घरातल्या इतर संगणकांना देणारा मध्यस्थ प्रोग्राम, बसवलेला आहे, आणि तरीही महिनाअखेरीस राउटरवरचा वापराचा आकडा पूर्वीइतकाच दिसतो, हे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण. दुसरे लक्षण बारकाईने पाहिल्यासच ध्यानात येते. एका संगणकाने सकाळी उतरवलेली मोठी फाइल दुसरा संगणक दुपारी मागतो, तेव्हा ती घरातल्या वायरच्या वेगाने यायला हवी. प्रत्यक्षात ती इंटरनेटच्याच वेगाने, पहिल्याइतकाच वेळ घेत येते. स्क्विडच्या ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे विनंत्यांच्या नोंदवहीत, ओळीमागून ओळ ‘टीसीपी मिस’ (कॅशमध्ये प्रत सापडली नाही) अशीच दिसते आणि कॅशचे फोल्डर काही केल्या वाढत नाही.

याशिवाय तीन लक्षणे अधूनमधून भेटतात. मोबाइलवर इंटरनेट व्यवस्थित चालू असताना बॉइंक मात्र ‘इंटरनेटशी संपर्क होत नाही, नेटवर्क किंवा प्रॉक्सीची मांडणी तपासा’ अशा अर्थाचा संदेश देते. लाइट जाऊन आल्यावर प्रॉक्सीच्या संगणकाची डिस्क बराच वेळ सारखी फिरत राहते. आणि एखादी फाइल घरातल्या प्रत्येक संगणकावर पुन्हा पुन्हा ‘एमडी५ तपासणी अयशस्वी’ (उतरलेली फाइल मूळ फाइलीशी जुळत नाही) ठरून कामे बाद होतात.

मी हा बिघाड प्रथम स्वतःच्या घरी आणि नंतर विजापूर रोड, जुळे सोलापूर आणि अशोक चौक या भागांतल्या ओळखीच्या घरी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की आता तपासण्यांचा क्रम हाताला बसला आहे. सेटी ॲट होम या परग्रहांवरच्या संकेतांचा शोध घेणाऱ्या बॉइंक प्रकल्पाचे एक काम एका मेगाबाइटच्या आत उतरत असे, त्यामुळे तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या प्रकल्पाने मार्च २०२० अखेर नवी कामे देणे थांबवले, मी सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या एलएचसी ॲट होम प्रकल्पाकडे वळलो, आणि व्हर्च्युअल मशीनच्या (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) प्रचंड फाइली तीन संगणकांवर तीनदा उतरू लागल्यावर प्रॉक्सीची गरज कळली. ज्यांचे घर मोबाइलच्या दिवसाला दोन जीबीवर किंवा ठरावीक मर्यादेनंतर मंदावणाऱ्या ब्रॉडबँडवर चालते, त्यांना हा खर्च परवडत नाही, आणि मग चांगल्या मनाने सुरू केलेले योगदान बंद पडते. तसे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्क्विडच्या सेटिंगांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. मूळ फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून येतात.

आधी पाहा, वाचण्यासारखे काही आहे का

या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि अनेकदा पुढचे सगळे कष्ट वाचतात. बॉइंक एकदा उतरवलेली प्रोग्रामची फाइल त्याच संगणकावर जपून ठेवते आणि गरज असेतोवर ती पुन्हा मागत नाही. म्हणजे घरात एकच संगणक असेल आणि तो व्हर्च्युअल मशीनची कामे करत नसेल, तर प्रॉक्सीला वाचवण्यासारखे जवळजवळ काही उरत नाही. दोन संगणक असले तरी त्यांवर वेगवेगळे प्रकल्प असतील, किंवा एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स असेल, तर प्रोग्रामच्या फाइली निराळ्या असतात आणि कॅशमधली प्रत दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

प्रत्येक कामाची स्वतःची माहितीची फाइलही बहुधा वाचत नाही. अनेक प्रकल्प पडताळणीसाठी एकच काम दोन जागी देतात, पण ते मुद्दाम दोन वेगवेगळ्या सभासदांना, त्यामुळे ती फाइल तुमच्या घरात दुसऱ्यांदा येत नाही. निकाल परत पाठवण्याच्या डेटावर तर प्रॉक्सीचा काहीच परिणाम होत नाही.

खरी बचत होते ती प्रोग्रामच्या फाइलींत, व्हर्च्युअल मशीनच्या प्रतिमांत, सर्व कामांना सामाईक असलेल्या डेटाबेसमध्ये आणि एलएचसी ॲट होमच्या सीव्हीएमएफएसमध्ये. सीव्हीएमएफएस ही सर्नने घडवलेली केवळ वाचता येणारी फाइल-व्यवस्था आहे. ती साध्या एचटीटीपीवरून चालते, तिच्या फाइली एकदा प्रसिद्ध झाल्या की बदलत नाहीत, आणि खरेपणाची खात्री ती सही व हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यांच्या आधारे स्वतः करते. कॅशिंग प्रॉक्सीसाठी याहून सोयीची रचना सापडणे कठीण आहे. अशी कामे एका संगणकावर चालत असली तरी प्रॉक्सी उपयोगी पडतो, कारण प्रत्येक नवे व्हर्च्युअल मशीन त्याच फाइली नव्याने मागत असते.

प्रॉक्सी जागेवर आहे का

‘इंटरनेटशी संपर्क होत नाही’ हा संदेश आला, तर पहिल्यांदा प्रॉक्सीचा संगणक चालू आहे का आणि त्याचा आयपी पत्ता तोच आहे का, एवढेच पाहावे. लाइट गेल्यावर राउटर आणि संगणक दोन्ही नव्याने सुरू होतात, राउटर कधी कधी पत्त्यांचे वाटप बदलतो, आणि बॉइंक मात्र जुन्याच पत्त्यावर ३१२८ या पोर्टचे दार ठोठावत राहते. प्रॉक्सी सापडला नाही म्हणून आपण होऊन थेट इंटरनेटवर जाण्याची सोय बॉइंकमध्ये नाही. राउटरच्या डीएचसीपी (पत्त्यांच्या वाटपाच्या) पानावर त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास कायमचा संपतो. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी येथेच मिटल्या आहेत.

बॉइंक खरोखर प्रॉक्सीतून जाते का

आता स्क्विडचा ॲक्सेस लॉग उघडून ठेवावा आणि बॉइंकमधून प्रकल्प ‘अपडेट’ करावा. लॉगमध्ये एकही नवी ओळ आली नाही, तर वाहतूक प्रॉक्सीकडे येतच नाही. बॉइंकच्या ‘अदर ऑप्शन्स’मधील एचटीटीपी प्रॉक्सीच्या पानावर पत्ता आणि पोर्ट दोन्ही भरले आहेत का, आणि प्रॉक्सी वापरण्याच्या चौकटीत खूण केली आहे का, हे प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे पाहावे लागते. ब्राउझरला दिलेला प्रॉक्सी बॉइंकलाही लागू होतो, असे गृहीत धरू नये.

येथे एक चूक फार फसवी आहे. स्क्विड आणि बॉइंक एकाच संगणकावर असतील, तर पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिण्याचा मोह होतो. साध्या कामांना ते चालते, पण व्हर्च्युअल मशीनला हाच पत्ता जसाच्या तसा दिला जातो आणि त्याच्या आत ‘लोकलहोस्ट’ याचा अर्थ ते मशीन स्वतः असा होतो, जेथे स्क्विड नसतो. म्हणून घरातल्या नेटवर्कवरचा खरा आयपी पत्ताच लिहावा, आणि हा बदल केल्यानंतर सुरू झालेल्या कामावरूनच निष्कर्ष काढावा. आधीपासून चालू असलेले काम जुनीच मांडणी धरून चालते.

लॉगमध्ये ओळी येत आहेत पण त्यांवर ‘टीसीपी डिनाइड’ आणि ४०३ असेल, तर स्क्विडनेच नकार दिलेला आहे. डेबियन आणि उबुंटूवर नव्याने बसवलेला स्क्विड फक्त स्वतःच्या संगणकाला परवानगी देतो. ‘एचटीटीपी ॲक्सेस अलाउ लोकलनेट’ ही ओळ ‘डिनाय ऑल’च्या वर असली पाहिजे, कारण स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडेल तेथेच थांबतो. बॉइंकची मांडणी बरोबर असूनही लॉगमध्ये ओळही नाही आणि नकारही नाही, अशी स्थिती असल्यास प्रॉक्सीच्या संगणकाची फायरवॉल ३१२८ अडवत असते.

लॉग वाचल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये

या टप्प्यावर बहुतेक जण इकडून तिकडून मिळालेल्या ओळी फाइलमध्ये भरू लागतात, आणि नंतर कोणत्या ओळीने काय बिघडले हे कुणालाच सांगता येत नाही. त्याआधी एकच प्रयोग करावा. साध्या एचटीटीपीवर असलेली, किमान पन्नासेक मेगाबाइटची एखादी फाइल कर्ल या कमांड देऊन फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने प्रॉक्सीतून पूर्ण उतरवावी, एक मिनिट थांबून पुन्हा उतरवावी, आणि लॉगमधल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात.

दुसऱ्या ओळीवर ‘टीसीपी हिट’ आले, तर स्क्विड साठवू शकतो आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. ‘टीसीपी रिफ्रेश अनमॉडिफाइड’ हेही यशच आहे. स्क्विडने मूळ सर्व्हरला फक्त ‘बदल झाला का’ एवढे विचारले आणि फाइल घरातूनच दिली. ‘टीसीपी मिस’ आले, तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

बॉइंकच्या ओळींत ‘टीसीपी टनेल’ आणि ४४३ हे पोर्ट दिसत असेल, तर त्या प्रकल्पाच्या फाइली एचटीटीपीएसवरून येतात. तेथे स्क्विड हा केवळ बंद पाकीट पुढे सरकवणारा असतो, त्यामुळे तो काहीही साठवू शकत नाही, आणि यात बिघाड काहीच नाही. हे पाकीट मध्येच फोडण्याचा एसएसएल बंप नावाचा मार्ग आहे, पण त्यासाठी घरातल्या प्रत्येक संगणकाला स्वतः बनवलेल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला लावावे लागते. बँकेचे व्यवहार ज्या घरातून होतात, त्या घरात काही जीबी वाचवण्यासाठी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुख्य दोषी : चार मेगाबाइटची मर्यादा

दहातल्या सात-आठ घरी मला जो दोष सापडला तो हा. स्क्विडमध्ये ‘मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ’ची मूळ किंमत ४ मेगाबाइट असते. त्याहून मोठी फाइल स्क्विड मुकाट्याने पुढे देतो, पण साठवत नाही आणि त्याबद्दल तक्रारही करत नाही. संकेतस्थळांची चित्रे आणि पाने साठवण्यासाठी ही मर्यादा योग्य आहे. बॉइंकच्या बाबतीत मात्र जे वाचवायचे तेच नेमके या मर्यादेबाहेर राहते. छोट्या फाइलींवर हिट दिसत राहतात, मालकाला वाटते की प्रॉक्सी काम करतो आहे, आणि डेटाचा आकडा हलत नाही.

याला जोडूनच दुसरी गोष्ट आहे. अलीकडच्या स्क्विडमध्ये डिस्कवरची कॅश मुळात बंदच असते. ‘कॅश डिर’ची ओळ पुढे खूण घालून निष्क्रिय ठेवलेली असते. तेव्हा साठवण होते ती फक्त २५६ मेगाबाइट रॅममध्ये, आणि तीही ५१२ किलोबाइटपर्यंतच्या फाइलींची. ती ओळ सुरू केली तरी तिच्यातला आकडा मेगाबाइटमध्ये असतो, हे अनेकांच्या नजरेतून सुटते. एका घरी पन्नास जीबी हवे म्हणून ५० लिहिलेले होते, आणि महिनाभर पन्नास मेगाबाइटच्या कॅशमध्ये फाइली येत-जात राहिल्या. पन्नास जीबीसाठी साधारण ५०००० लिहावे लागते.

तिसरी गोष्ट क्रमाची. ‘मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ’ची ओळ ‘कॅश डिर’च्या वर असली पाहिजे, कारण ‘कॅश डिर’ वाचली जाते त्या क्षणी जी मर्यादा लागू असेल तीच त्या फोल्डरला चिकटते. ओळ खाली लिहिली तर सेटिंग बरोबर दिसते आणि परिणाम शून्य होतो. मी स्वतः पहिल्या वेळी या एका गोष्टीवर दोन रात्री घालवल्या. मर्यादा तुमच्या प्रकल्पाच्या सर्वांत मोठ्या फाइलीपेक्षा थोडी जास्त ठेवावी, सेटिंगांची फाइल ‘स्क्विड के पार्स’ या कमांडने तपासावी, स्क्विड थांबवून ‘स्क्विड झेड’ या कमांडने (दोन्हींत ‘के’ आणि ‘झेड’च्या आधी अंडरस्कोअर नव्हे तर उणे चिन्ह येते) फोल्डरांची रचना तयार करून घ्यावी, आणि मग कर्लचा तोच प्रयोग पुन्हा करावा.

जागा ठरवताना डिस्कच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नये, कारण लॉग आणि तात्पुरत्या फाइलींनाही जागा लागते आणि डिस्क भरली की स्क्विड बंद पडतो. ६४-बिट संगणकावर दर जीबी कॅशमागे सुमारे १४ मेगाबाइट रॅम धरण्याचा प्रघात आहे. आपल्या फाइली मोठ्या आणि संख्येने कमी असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी लागते. कॅश भरल्यावर काय काढून टाकायचे, याचे ‘हीप एलएफयूडीए’ हे धोरण मोठ्या पण पुन्हा पुन्हा लागणाऱ्या फाइली टिकवते, म्हणून मी तेच निवडतो. स्क्विडच्या कॅश मॅनेजरच्या माहितीपानावर हिटचे दोन आकडे असतात, एक विनंत्यांच्या प्रमाणात आणि दुसरा बाइटांच्या प्रमाणात. आपल्याला दुसराच पाहायचा आहे.

तुटलेले डाउनलोड

मर्यादा वाढवूनही मोठी फाइल कधीच हिट होत नसेल, तर लाइनच्या स्थैर्याकडे वळावे. डाउनलोड साठ टक्क्यांवर असताना बॉइंकचा संगणक बंद पडला किंवा वाय-फाय तुटले, तर मूळ मांडणीत १६ किलोबाइटहून अधिक भाग उरलेला असल्यास स्क्विडही डाउनलोड सोडून देतो आणि अर्धवट प्रत टाकून देतो. संगणक परत आल्यावर बॉइंक शहाणपणाने फक्त उरलेला भाग मागते, पण अशा तुकड्याचे उत्तर २०६ या क्रमांकाने येते आणि स्क्विड ते साठवत नाही. अशा रीतीने फाइल त्या संगणकावर पूर्ण होते, कॅशमध्ये मात्र कधीच येत नाही, आणि दुसऱ्या संगणकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘क्विक अबॉर्ट मिन’ उणे एक केले, की मागणारा निघून गेला तरी स्क्विड फाइल पूर्ण करतो. ‘रेंज ऑफसेट लिमिट’ला ‘नन’ दिले, की तुकडा मागितला तरी स्क्विड अख्खी फाइल आणतो. ही दोन्ही सेटिंगे जोडीनेच वापरावीत. बॉइंक ३०० सेकंद काहीच आले नाही तर जोडणी तोडते, आणि स्क्विड सुरुवातीचा भाग आणत असताना ते सहज घडू शकते. पहिल्या सेटिंगमुळे तेव्हाही मागचे काम चालू राहते. परंतु ज्यांची लाइन दिवसातून अनेकदा जाते, त्यांनी ‘रेंज ऑफसेट लिमिट’चा बदल संपूर्ण वाहतुकीला लावू नये. प्रत्येक तुटीनंतर अख्खी फाइल नव्याने आणली गेल्यास बचतीऐवजी खर्च वाढतो. प्रकल्पाच्या डाउनलोड सर्व्हरांची यादी करून नियम तेवढ्यापुरताच ठेवावा.

दोन संगणक एकाच क्षणी तीच फाइल मागत असतील, तर ‘कोलॅप्स्ड फॉरवर्डिंग’ सुरू करावे, ३.५ आणि पुढच्या आवृत्त्यांत ते आहे, पण मूळचे बंद असते. फाइल वेगवेगळ्या आरसा-सर्व्हरांवरून (त्याच फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरांवरून) येत असेल, तर पत्ता निराळा म्हणून स्क्विड तिला निराळी फाइल समजतो. त्यावर स्टोअर-आयडी हा उपाय आहे, पण त्यासाठी पत्त्यांचे नमुने अचूक लिहावे लागतात. सर्व काही करून झाल्यावरच तिकडे जावे.

लाइट गेल्यानंतरचे दुखणे

स्क्विड नीट बंद न होता वीज गेली, की पुढच्या वेळी तो कॅशची यादी एकेक फाइल तपासून पुन्हा बांधतो, आणि त्याच्या लॉगमध्ये ‘डर्टी लॉग’ असे शब्द दिसतात. डिस्क फिरत राहते ती यामुळेच. त्या वेळी अस्वस्थ होऊन संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू केला तर काम लांबत जाते, म्हणून ते पूर्ण होऊ द्यावे. राउटर आणि प्रॉक्सी दोघांनाही एका छोट्या यूपीएसवर ठेवणे हा सोलापुरात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला खर्च आहे.

‘एमडी५ तपासणी अयशस्वी’ हे सगळ्या संगणकांवर एकाच फाइलीबद्दल येत असेल, तर कॅशमध्ये खराब प्रत बसलेली आहे आणि स्क्विड इमानाने तीच वाटतो आहे. बॉइंक प्रत्येक फाइल तपासून घेते म्हणून चुकीचे निकाल प्रकल्पाकडे जात नाहीत, पण कामे वाया जातात आणि दुसऱ्या कुणाला ती करावी लागतात. बॉइंकचा प्रॉक्सी तात्पुरता काढून फाइल थेट आणावी. ती बरोबर आली तर स्क्विड थांबवून कॅशचे फोल्डर रिकामे करून नव्याने बांधावे. ‘प्रोजेक्ट रिसेट’चे बटण मात्र घाईने दाबू नये, कारण त्याने चालू कामेही जातात. आणि फाइल पुन्हा खराब झालीच, तर दोष डिस्कमध्ये किंवा रॅममध्ये असण्याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा बंद कपाटातली डिस्क तापते, आणि यंत्रमागाशेजारच्या घरांत पंख्यांवर सुताची तूस बसून ते गुदमरतात. कव्हर उघडून साफ करणे ही विनाखर्चाची तपासणी आहे.

येथे थांबावे

डिस्क स्वतःच्या प्रकृतीचा जो ‘स्मार्ट’ अहवाल ठेवते त्यात बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवून संगणक बंद करावा आणि हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिणी येत असेल, किंवा इन्व्हर्टरवर जाताना संगणक दर वेळी बंद पडत असेल, तर तो प्रश्न स्क्विडचा नाही. अर्थिंग तपासण्यासाठी वायरमनला बोलवावे आणि तोपर्यंत तो संगणक वापरू नये. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला, तर फायबरचे टोक स्वतः काढून त्यात डोकावू नये, कारण त्यातला लेसर दिसत नसला तरी डोळ्यांना इजा करू शकतो, सेवा देणाऱ्याचा तंत्रज्ञच बोलवावा.

एक प्रसंग असा आहे की त्यात वाट पाहू नये. ॲक्सेस लॉगमध्ये घरातल्या नेटवर्कबाहेरचे अनोळखी पत्ते दिसले, तर तुमचा प्रॉक्सी बाहेरच्यांना उघडा पडला आहे आणि त्यांच्या वाहतुकीवर तुमच्या घराचा पत्ता लागतो आहे. त्याच क्षणी प्रॉक्सीची केबल काढावी, राउटरवर ३१२८ पुढे पाठवण्याचा नियम असल्यास तो पुसावा, लॉगची प्रत जपून ठेवावी, आणि नेटवर्कचे काम जाणणाऱ्या माणसाने राउटर तपासल्याशिवाय तो पुन्हा जोडू नये. बॉइंक तोपर्यंत थेट इंटरनेटवरून, डेटाची रोजची मर्यादा घालून, चालू ठेवता येते.